रुग्ण संपत आले, मग तरतूद कशाला?

मागच्या अंकात पोस्टाच्या व्याजाबद्दल लिहिता लिहिता मी एक वाक्य टाकून दिलं होतं, की सरकारी खात्यांत मलेरियाचं खातं सगळ्यात विचित्र, कारण तिथे काम चांगलं झालं की पैसा कापला जातो. व्याज राहिलं बाजूला, पत्रं आली ती या वाक्यावर. तेव्हा हा महिना मलेरियाच्या हिशेबाचा. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. मध्यप्रदेशच्या आरोग्य खात्यात लेखा शाखेत होते आणि नोकरीची बरीच वर्षं निमाडाकडच्या एका जिल्ह्याच्या मलेरिया कार्यालयात बिलं, मस्टर आणि उपयोगिता प्रमाणपत्रं बघण्यात गेली. म्हणून उत्तरं पैशाच्या अंगानेच येतील. औषधाचा डोस मला विचारू नका.

काकू, इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं. आमच्या रामबागेत मलेरिया झालेला माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. डेंग्यूचे मात्र दर पावसाळ्यात घरोघरी. मग मलेरियाचं खातं अजून कशाला पोसायचं? तोच पैसा डेंग्यूकडे वळवला तर?
— द. ग., रामबाग, इंदूर

भाऊ, स्वच्छतेचं आधी मिटवते. शहरात मलेरिया पसरवणारा डास, ॲनोफेलिस स्टीफेन्सी, त्याला घाण नकोच असते. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, कूलर, जुन्या वाड्यातली वापरात नसलेली विहीर, बांधकामावरचा हौद, असं स्वच्छ साठलेलं पाणी त्याला लागतं. कचरागाडी रोज वेळेवर आली म्हणून त्याचं काही अडत नाही. पहिला नंबर आपला आहे, त्याचा मलाही अभिमान आहे, पण त्या नंबरात गच्चीवर चढून टाकीचं झाकण कोणी मोजलेलं नसतं.

आता पैसा. तुमचा प्रश्न नवा नाही, साठ वर्षांपूर्वी अख्ख्या देशाने हाच विचारला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची, असा सरकारी अंदाज होता. 1953 साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 साली त्याचं नाव ‘निर्मूलन’ झालं, घरोघर डीडीटी मारलं गेलं. 1961 साली नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आत आले. 1965 साली देशात मलेरियाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. हे आकडे आजही वाचले की उर भरून येतो.

आणि इथेच घात झाला. जिथे रुग्ण संपले ते भाग ‘देखभाल’ टप्प्यात टाकले. फवारणी थांबली, काम साध्या आरोग्य केंद्रांकडे सोपवलं, आणि ती केंद्रं पुष्कळ ठिकाणी कागदावरच होती. शहरांत तर राष्ट्रीय कार्यक्रम मुळात गेलाच नव्हता. नगरपालिकांनी आपल्या पैशाने अळ्या माराव्या असं ठरलं होतं, आणि नगरपालिकांचं तुम्हाला ठाऊकच आहे. शहरी मलेरिया योजना आली ती 1971 मध्ये. तोवर परदेशी मदत आटली होती, डीडीटीचा पुरवठा वेळेवर होईना, डासही त्याला सरावले होते, आणि 1973 नंतर तेलाच्या भावाबरोबर कीटकनाशकांचेही भाव चढले. 1976 साली रुग्ण किती? 64 लाखांच्या वर. पन्नास हजारांवरून पंधरा वर्षांत.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. 2012 साली संशोधकांनी 1930 पासूनच्या नोंदी चाळल्या. मलेरिया आटोक्यात येऊन पुन्हा उसळल्याच्या 75 घटना 61 देशांत सापडल्या. त्यांतल्या 68 ठिकाणी कार्यक्रम ढिला पडणं हे निदान एक तरी कारण होतं, आणि ढिला पडण्यामागे सगळ्यात जास्त वेळा पैशाची चणचण. डास आणि परजीवी दोघेही आहेत तिथेच असतात, मागे हटतो तो आपला खर्च.

तुम्ही म्हणाल, पण रुग्णच नाहीत तर खर्च होतो कशावर? शोधण्यावर. रुग्णाला लागणाऱ्या गोळ्या स्वस्त असतात, सगळ्या बिलांत गोळ्यांचं बिल मला नेहमी लहान दिसायचं. महाग पडतो तो ‘इथे मलेरिया नाही’ हे खात्रीने सांगणं. नियम असा, की दरवर्षी लोकसंख्येच्या निदान दहा टक्के लोकांचं रक्त तपासलं गेलं पाहिजे. 2011च्या जनगणनेत इंदूर जिल्हा 32 लाख 76 हजारांचा. म्हणजे त्याच लोकसंख्येवर धरलं तरी सव्वातीन लाख तपासण्या. त्यात शंभर रुग्ण निघाले काय किंवा दहा निघाले काय, रक्ताच्या काचपट्ट्या तेवढ्याच, सुया तेवढ्याच, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा लॅब टेक्निशियन तोच. खर्च तेवढाच राहतो आणि भागाकार करणाऱ्या साहेबाच्या कागदावर ‘प्रति रुग्ण खर्च’ दरवर्षी चढत जातो. मग वरून शेरा येतो, की एवढ्या थोड्या रुग्णांवर एवढा खर्च समर्थनीय नाही. असा शेरा मारलेली फाइल माझ्या टेबलावरून गेली आहे. मला विचाराल तर त्या भागाकारात खालचा आकडाच चुकीचा घेतलाय. वाटेल तेवढा खर्च करा असं मी म्हणत नाही, उभ्या जन्मात म्हटलेलं नाही, पण मलेरियाच्या खर्चाला रुग्णांनी भागायचं नसतं, त्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसांनी भागायचं असतं.

राहिला डेंग्यू. पैसा वळवायला तो फार वेगळा नाहीच. मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुनिया, मेंदूज्वर, हत्तीपाय आणि काळा आजार असे सहा रोग 2003 साली सुरू झालेल्या एकाच राष्ट्रीय कार्यक्रमात आहेत. तुमच्या कूलरमध्ये टॉर्च मारणारा माणूस दोन्ही डासांच्या अळ्या शोधतो. त्याला दार उघडत चला.

मी अलीराजपूरकडे शिक्षिका होते, आता बदली होऊन इंदूरला आले. आमच्या गावात फवारणीवाले यायचे ते अर्धा पाऊस होऊन गेल्यावर. औषध मात्र आधीच आलेलं असायचं, पंचायतीच्या खोलीत पोती मी स्वतः पाहिली आहेत. मग उशीर कुठे होतो?
— वै. प., स्नेहनगर, इंदूर

ताई, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तुम्ही पोती पाहिलीत, मी त्याच पोत्यांचा कागद पाहायचे.

1979 पासून या कार्यक्रमाचा खर्च केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा करायचा असं ठरलं. ऐकायला सरळ वाटतं. पण केंद्राचा वाटा यायचा मुख्यतः वस्तूंच्या रूपात: डीडीटी, गोळ्या, अळीनाशक. राज्याने द्यायची ती रोकड, म्हणजे फवारणी मजुरांची रोजी, ट्रकचं भाडं, पंपाची दुरुस्ती. हिशेबात दोन्ही बाजू बरोबर दिसायच्या. प्रत्यक्षात दिल्लीहून पोती येऊन पडलेली आणि भोपाळहून मजुरीचं आवंटन, म्हणजे वाटून दिलेला पैसा, आलेलं नाही, असा जून महिना मी एकदाच नव्हे, पुष्कळदा काढला आहे.

थोडं जवळून दाखवते. डीडीटीच्या दोन फेऱ्यांना दहा लाख लोकवस्तीमागे 150 टन पावडर धरायची. म्हणजे हजार वस्तीच्या गावाला वर्षाकाठी दीडशे किलो. ती मारायला एक टोळी: पाच मजूर आणि त्यांच्यावर एक मुकादम. दोन पंप, एकेका पंपाला दोन माणसं, एक बादलीत पंप मारणारा आणि दुसरा भिंतीवर नळी फिरवणारा. पाचवा पाणी आणतो, पावडर कालवतो, फडक्यातून गाळतो. अशी टोळी दिवसाला साठ ते ऐंशी घरं करते. पैसे लागतात ते या सहा माणसांच्या हजेरीला, आणि तेही रोजच्या रोज, कारण माणूस रोजंदारीवर आहे. आर्थिक वर्ष सुरू होतं एप्रिलमध्ये. मंजुरी, आदेश, कोषालय असं करत पैसा जिल्ह्यात उतरायला जून-जुलै उजाडतो. आणि डासाची अंडी कोषालयाच्या वेळापत्रकावर फुटत नाहीत. पावसाच्या तोंडावर भिंतीवर बसायला हवं होतं ते औषध श्रावणात बसलं, तर तो खर्च खातेवहीत ‘झाला’ म्हणून लागतो, मलेरियावर झालेला नसतो.

त्यातली एक गोष्ट मला अजून टोचते. पंपाच्या नळीच्या टोकाला एक बारीक नोझल असतं. त्यातून मिनिटाला साधारण साडेसातशे ते साडेआठशे मिलिलिटर औषध बाहेर पडायला हवं. पावडर घासून घासून भोक मोठं झालं की औषध भिंतीवर बसण्याऐवजी ओघळून जमिनीवर. नवं नोझल ही अगदी किरकोळ किमतीची वस्तू. पण ती ‘सुटे भाग’ या खर्चाच्या शीर्षात, आणि त्या शीर्षात एके वर्षी शिल्लक शून्य. ‘औषधे’ शीर्षात लाखोंचा माल पडलेला, पण एका शीर्षाचा पैसा दुसरीकडे वळवायला भोपाळची परवानगी. आमचे मलेरिया निरीक्षक नोझल खिशात घालून माझ्या टेबलाशी आले, बोटाच्या पेरावर ठेवून दाखवलं आणि म्हणाले, “बाई, यातून तुमचं बजेट गळतंय.” परवानगी आली तेव्हा फेरी संपली होती.

आता बऱ्याच गावांत फवारणीऐवजी औषध लावलेल्या टिकाऊ मच्छरदाण्या देतात. साधारण तीन वर्षं चालतात, मजुरीची कटकट कमी. पण तीन वर्षांनी त्या सगळ्याच एकदम बदलायला येतात, आणि त्या वर्षी खरेदी लांबली की तुमच्या शाळेतली पोरं फाटक्या जाळीत झोपतात. दुसरं म्हणजे, फवारणी किंवा मच्छरदाणी कोणत्या गावाला, हे ठरतं हजार लोकांमागे किती रुग्ण निघाले त्यावरून. आकडा उंबरठ्याखाली गेला की गाव यादीतून बाहेर.

आणि तुमच्या गावची माणसं तर वर्षातले कित्येक महिने गावात नसतातच. झाबुआ-अलीराजपूरचे मजूर बडोदा, सुरतेला बांधकामावर जातात, भगोऱ्याच्या सणाला, दिवाळीला परततात. ताप तिकडे भरला तर तपासणी गुजरातच्या खर्चात, इकडे आल्यावर भरला तर आपल्या खर्चात, आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत भरला तर बहुतेक वेळा कोणाच्याच खर्चात नाही. दोन राज्यांनी मिळून या माणसांसाठी एक वेगळं खातं का ठेवू नये, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

अमेरिकेने 2025 च्या सुरुवातीला परदेशी मदत रोखली तेव्हा मलेरियाचे कार्यक्रम अडचणीत आले असं वाचलं. भारताचा कार्यक्रमही बाहेरच्या पैशावर चालतो का?
— अर्थशास्त्राचा विद्यार्थी, देवी अहिल्या विश्वविद्यालय

बाळा, आज मुख्यतः नाही. पण सुरुवात तशीच झाली होती, आणि ती लपवण्याचं कारण नाही. 1950 च्या दशकात डीडीटी, पंप, जीपगाड्या यांचा मोठा भाग अमेरिकेशी झालेल्या तांत्रिक सहकार्याच्या कराराखाली आला. सरकारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा दिल्लीतला डीडीटी कारखाना युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभा राहिला. पुढे 1997 ते 2005 जागतिक बँकेच्या पैशातून आदिवासी जिल्ह्यांसाठी वेगळा प्रकल्प चालला, त्यात आपलं मध्यप्रदेश होतं. ते अनुदान नव्हतं, सवलतीचं कर्ज होतं, हे परीक्षेत विसरू नकोस. 2005 पासून एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी मदत देणाऱ्या जिनिव्हाच्या ग्लोबल फंडाचा पैसा ईशान्येकडची राज्यं आणि इतर जास्त रुग्णांच्या भागांत येतो, त्यातून मच्छरदाण्या आणि झटपट तपासणीचे किट मोठ्या प्रमाणावर आले.

बाकीचा खर्च आपला. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र 60 आणि राज्य 40, ईशान्य आणि हिमालयातल्या राज्यांना 90 आणि 10. राज्याने आपली योजना लिहून पाठवायची, दिल्लीने कापून मंजूर करायची. देशात 2015 साली 11 लाख 69 हजार रुग्ण नोंदले होते, 2023 साली सव्वादोन लाखांच्या आसपास. मृत्यू 384 वरून 83. पुष्कळ रुग्ण खासगी दवाखान्यांतून नोंदीत येतच नाहीत, तेव्हा या आकड्यांना खरी बेरीज समजू नकोस, पण उतार खरा आहे. 2027 पर्यंत देशात नवा स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचा आणि 2030 पर्यंत निर्मूलन, असं सरकारचं उद्दिष्ट आहे.

अमेरिकेच्या हात आखडण्याचा खरा फटका आफ्रिकेला. 2023 साली जगात 26 कोटी 30 लाख रुग्ण आणि 5 लाख 97 हजार मृत्यू, त्यांतले सुमारे 95 टक्के तिकडचे. त्या वर्षी जगाला मलेरियासाठी 8.3 अब्ज डॉलर हवे होते, जमले 4 अब्ज. म्हणजे मदत थांबायच्या आधीच अर्ध्याहून जास्त तूट होती. आपल्याला फटका वळसा घालून बसू शकतो, कारण ग्लोबल फंडाची सगळ्यात मोठी देणगीदार अमेरिकाच.

पण तू अर्थशास्त्राचा, म्हणून तुला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फंडाची मदत देशाची मिळकत आणि रोगाचा भार पाहून ठरते. देश थोडा सुधारला, रुग्ण घटले, की मदत ओसरते. घरची तरतूदही नेमकी त्याच कारणाने घटत असते. दोन्ही नळ एकाच वेळी बंद. श्रीलंकेचं उदाहरण तुझ्या वहीत उतरवून ठेव. 1963 साली तिथे फक्त 17 रुग्ण उरले होते. फवारणी थांबली, लक्ष उडालं, आणि 1969 साली पाच लाखांच्या वर. पुढची लढाई यादवी युद्धासकट चार दशकं चालली. शेवटचा स्थानिक रुग्ण 2012 मध्ये, मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र 2016 मध्ये. त्यानंतर त्यांनी मलेरियाचं खातं बंद केलं नाही. परदेशातून आलेला एकेक तापाचा प्रवासी अजून तपासतात. चीननेही 2012 नंतर ग्लोबल फंडाशिवाय स्वतःच्या पैशाने काम पुढे नेलं: एका दिवसात रुग्णाची नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या वस्तीत उपाय. 2021 साली प्रमाणपत्र मिळालं. असा सात दिवसांचा नियम पाळायचा तर आठव्या दिवशी ‘बजेट आल्यावर बघू’ म्हणता येत नाही, जिल्ह्याच्या हातात खर्चायला मोकळी रक्कम आधीच ठेवावी लागते.

कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी त्यांनी खर्चायच्या पैशातून, मलेरियाचं काम का करून घेत नाहीत? सरकारपेक्षा नीट करतील.
— र. ना., लोकमान्य नगर, इंदूर

करून घेतलंय, आपल्याच राज्यात. मंडला जिल्ह्यात 2017 पासून राज्य सरकार, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि सन फार्माने काढलेली एक ना-नफा संस्था यांनी मिळून 1,233 गावांत प्रकल्प चालवला. गावागावांत पगारी कार्यकर्ते नेमले, किट आणि गोळ्या कधी संपू दिल्या नाहीत, प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा. तीन वर्षांत रुग्ण नव्वद टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. औषधं तीच होती, सरकारचीच मार्गदर्शक तत्त्वं होती. फरक पडला तो देखरेखीने आणि वेळेवर मिळालेल्या पैशाने. ते मी मोकळेपणाने मान्य करते.

पण सीएसआरचा कायदा काय म्हणतो? मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. नफा घटला की रक्कम घटते, आणि प्रकल्पाला मुदत असते. मलेरियाला नाही. कंपनीकडून पद्धत शिकून घ्यावी, पगारपत्रक सरकारनेच चालवावं.

पुण्याच्या सीरमने मलेरियाची लस काढली ना? मग ती टोचून मोकळे का होत नाही?
— एक आजी, राजवाड्याजवळ, इंदूर

आजी, लस आहे. ऑक्सफर्डने तयार केलेली आर-21, सीरम बनवतं, 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि किंमत डोसमागे 2 ते 4 डॉलर सांगितली गेली. पण ती फाल्सिपेरम जातीच्या मलेरियावर आहे आणि आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी जास्त उपयोगाची, जिथे एकेका लेकराला वर्षातून अनेकदा मलेरिया होतो. एकदा टोचून भागत नाही, तीन डोस आणि पुढे चौथा. आपल्याकडे व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचाही वाटा मोठा आणि रुग्ण विखुरलेले. तेवढ्या पैशात इथे तपासणी आणि मच्छरदाणी जास्त काम करते.

आशा ताई रक्त घेऊन गेल्या. त्यांना काही पैसे द्यायचे असतात का?
— सौ. मं. का., सुदामा नगर, इंदूर

नाही. तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट. आशाला प्रत्येक काचपट्टीमागे वा किटमागे सरकार प्रोत्साहन रक्कम देतं, माझ्या वेळी 15 रुपये होते. ती रक्कमही उशिरानेच यायची, तेव्हा पैसे देऊ नका पण चहा जरूर विचारा. आणि व्हायव्हॅक्स निघाला तर प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या मिळतील. परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी परत ताप आणतो, म्हणून त्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि लोक उरलेल्या गोळ्या फ्रिजवर ठेवून विसरतात. खासगी डॉक्टरकडे निदान झालं तर त्यांना एवढं विचारा, की नोंद जिल्हा मलेरिया कार्यालयात पाठवली का. पुढच्या वर्षीची तरतूद त्याच रजिस्टरवरून ठरते.